पुढच्या एका चाकाचा विचार

तीनचाकी बाबागाडी बघायला दुकानात गेलात, तर रंग, छत, बाटली ठेवायचा कप्पा हे सगळं नंतर बघा. आधी खाली वाका आणि तिचं पुढचं चाक बघा. ते केवढं आहे, गरगर फिरतं की सरळ पक्कं बसवलेलं आहे, फिरत असेल तर खटका लावून सरळ रोखता येतं का, आणि दांड्यांमध्ये ते कशानं धरलंय. या गाडीचा पुढचा सगळा भार त्या एका चाकावर असतो आणि तिचं वळणंही त्याच्यावरच अवलंबून असतं. विक्रेता मात्र हे चाक क्वचितच दाखवतो. तो एका हातानं गाडी मिटवून दाखवतो. दुकानाची फरशी गुळगुळीत असते आणि तिच्यावर कुठलीही गाडी छानच चालते.

आपल्या दारातला रस्ता तसा नसतो. उखडलेले पेव्हर ब्लॉक, वर आलेलं गटाराचं झाकण, केबलसाठी खोदून अर्धवट बुजवलेला चर, आणि फूटपाथच्या तोंडाशी दुचाक्या चढू नयेत म्हणून रोवलेले खांब. बाबागाडी निवडायची ती या रस्त्याकडे बघून, असं माझं ठाम मत आहे. कॅटलॉगमधल्या हिरवळीवरच्या फोटोवरून निवडलेली गाडी पुढे बहुतेक वेळा माळ्यावर जाते.

बाबागाडी तशी जुनीच, आणि तीन चाकंही तिला लवकरच आली. इंग्लंडमधल्या विल्यम केंट या वास्तुविशारदानं १७३३ साली ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी केली, ती बकरी किंवा लहान तट्टू ओढेल अशी होती. पुढे १८५०च्या दशकात इंग्लंडमध्ये मागून ढकलायच्या गाड्या आल्या, त्यांतल्या बऱ्याच तीनचाकी होत्या. नंतर चार चाकं रुळली. १९६५ साली ओवेन मॅक्लॅरेन या इंग्रज इंजिनिअरनं अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी तयार केली. स्पिटफायर लढाऊ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यानं काम केलं होतं, त्यामुळे भार पेलणारी आणि घडी होणारी चौकट कशी असते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गाडीचं वजन तीन किलोच्या आत आलं. बस, ट्रेन, विमान सगळीकडे मूल घेऊन जाणं त्यामुळे सोपं झालं. पण वजन कमी करताना चाकंही लहान झाली, आणि लहान चाकांना सपाट रस्ता लागतो.

तीन चाकांचं आजचं रूप अमेरिकेतलं. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावात फिल बेक्लर नावाचा पत्रकार होता. त्याला पळायची आवड, आणि घरात तान्हा मुलगा. १९८४ साली त्यानं मुलाच्या गाडीला सायकलची चाकं लावली आणि त्याला घेऊन तो पळू लागला. त्यातूनच ‘बेबी जॉगर’ निघाली. पुढे न्यूझीलंडसारख्या देशांत डोंगरवाटांवर, वाळूत, गवतात चालतील अशा तीनचाकी गाड्या बनल्या. म्हणजे ही गाडी जन्मली ती खडबडीत जमिनीसाठी आणि पळणाऱ्या आईबापांसाठी. मॉलमध्ये ती मिरवते खरी, पण तिथे तिचं फारसं काम नाही.

मोठ्या चाकाचा फायदा नेमका किती, हे साध्या गणितानं कळतं. समजा वाटेत तीन सेंटिमीटरचा उंचवटा आला. हलक्या गाडीचं चाक साधारण पंधरा सेंटिमीटर व्यासाचं असतं, तीनचाकीचं पुढचं चाक बारा इंची म्हणजे तीस सेंटिमीटरचं. चाकावर तेवढाच भार असेल, तर तो उंचवटा चढायला लहान चाकाला मोठ्याच्या जवळजवळ पावणेदोन पट जोर लागतो. तो आपल्या मनगटातून जातो आणि त्याचा हिसका बाळाच्या मानेला बसतो. शिवाय तीन टेकू असलेली वस्तू तिवईसारखी कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही. चारचाकीचं एखादं चाक खड्ड्यावर अधांतरी राहून गाडी तिरकी ओढते, तसं इथे होत नाही.

पण याच गणितात एक मर्यादाही आहे. पादचाऱ्यांच्या सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची जी मार्गदर्शिका आहे (आयआरसी १०३, २०१२ची आवृत्ती), तिच्यानुसार फूटपाथची कड रस्त्यापासून १५ सेंटिमीटरहून उंच असू नये आणि चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी. बारा इंची चाकाची त्रिज्याही १५ सेंटिमीटरच. त्रिज्येइतक्या उंच कडेवर चाक नुसतं पुढे ढकलून कधीच चढत नाही, तुम्ही कितीही जोर लावा. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेली कडसुद्धा हँडल दाबून, पुढचं चाक उचलूनच चढावी लागते, आणि आपल्याकडच्या कित्येक कडा नियमाहून उंच आहेत. महागडी गाडी घेतली की रस्त्याचा प्रश्न सुटला असं होत नाही. फूटपाथला उतार करून द्यायचं काम महापालिकेचंच आहे, आणि ते मागत राहिलं पाहिजे. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ रुंद केल्यावर तिथे आजी-आजोबा, व्हीलचेअर आणि बाबागाड्या सगळेच दिसू लागले. रस्ता नीट केला की माणसं बाहेर पडतात.

कड चढताना गाडी सरळ समोरून न्यावी, तिरकी कधीही नाही. उतरताना गाडी फिरवून आधी मागची चाकं खाली घ्यावीत. याचं कारण तीन चाकांच्या आकारात आहे. तीन चाकं जमिनीला टेकतात त्या बिंदूंचा त्रिकोण होतो, आणि गाडी व मूल मिळून जो भार असतो त्याचा मध्य त्या त्रिकोणाच्या आत असेल तोवर गाडी उभी राहते. हा त्रिकोण मागे रुंद आणि पुढे निमुळता. जोरात वळताना, उतारावर अचानक थांबताना किंवा तिरकी कड चढताना भार पुढे आणि बाजूला सरकतो, नेमका जिथे टेकू अरुंद आहे तिथे. म्हणून बैठक खाली आणि मागच्या चाकांकडे कललेली असेल, मागची चाकं एकमेकांपासून लांब असतील, ती गाडी चांगली. दुकानात जाताना दहा किलो पिठाची पिशवी घेऊन जा, बैठकीत ठेवा, पट्ट्यानं बांधा आणि मग गाडी फिरवा. वर्षाच्या मुलाचं वजन साधारण नऊ-साडेनऊ किलो असतं, त्यामुळे पिठावर जे होतं ते बाळावर होईल. हँडल बाजूला रेटून बघा, मागे दाबून बघा, दाराच्या उंबऱ्यावरून न्या. दुकानदाराला विचित्र वाटलं तरी चालेल.

हँडलला भाजीची किंवा डायपरची जड पिशवी अडकवू नका, ही सूचना सगळेच देतात आणि कुणीच पाळत नाही. मूल बसलेलं असताना तोल सांभाळला जातो. मुलाला उचलून घेतलं की गाडी मागच्या मागे उताणी पडते, आणि मूल पुन्हा बसवण्याच्या गडबडीत असताना ती पडली तर पुढे काय होईल ते सांगायला नको. जड सामान बैठकीखालच्या टोपलीत ठेवावं.

पुढचं चाक फिरतं असेल तर बाजारात, लिफ्टसमोर, दुकानांच्या गल्ल्यांत गाडी वळवणं सोपं जातं. पण वेग वाढला की असं चाक थरथरतं, आडवं होऊ बघतं आणि गाडी कलंडू शकते. म्हणून भराभर चालायचं असेल, कच्च्या वाटेवर न्यायचं असेल, तर चाक सरळ रोखून ठेवायचं. कायमचं पक्कं बसवलेलं चाक पळण्यासाठी उत्तम, पण प्रत्येक वळणाला हँडल दाबून पुढचा भाग उचलावा लागतो, आणि आजी-आजोबा गाडी ढकलणार असतील तर त्यांचे खांदे त्यानं भरून येतात. आपल्या शहरांसाठी मी दोन्ही सोयी असलेलं चाकच घ्या म्हणेन.

मागच्या दोन्ही चाकांना एकदम लागणारा पायाचा ब्रेक हवाच. सोसायटीच्या पार्किंगचा उतार एकास आठ असला, तर बावीस किलोची भरलेली गाडी सुमारे पावणेतीन किलोच्या जोरानं खाली ओढते. जोर थोडाच आहे. पण हात सुटला की वेग वाढत जातो. म्हणून हँडलला मनगटात घालायचा पट्टा असतो. तो नक्की घालावा. मुलाला बांधायचे पट्टे पाचपदरी हवेत, म्हणजे दोन खांद्यांवर, दोन कमरेला आणि एक पायांमधून. नुसता कमरेचा पट्टा असला की मूल खालून घसरतं.

वयाचंही पाहायला हवं. पहिले सहा महिने मान आणि पाठ भक्कम झालेली नसते, म्हणून त्या वयात जवळजवळ सपाट होणारी बैठक किंवा पाळण्यासारखी वेगळी टोपली लागते. गाडीसोबत पळणं तर सहा महिन्यांच्या आधी करूच नये, काही कंपन्या आठ महिने सांगतात. बालरोगतज्ज्ञांना विचारूनच सुरुवात करावी.

बैठकीची दिशा हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे. पळण्याच्या गाड्यांमध्ये मूल पुढे तोंड करून बसतं. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या सुझन झीडिक यांनी २००८ साली ब्रिटनमधल्या रस्त्यांवर निरीक्षणं केली, तेव्हा आईबापांकडे तोंड असलेल्या मुलांशी मोठी माणसं दुपटीनं बोलताना दिसली. वर्षाच्या आतल्या बाळासाठी बैठक उलटी फिरवता येत असेल तर मला ती जास्त आवडते. मोठ्या मुलाला मात्र समोरची बैलगाडी, कुत्रा, बस बघायचीच असते.

आता ऊन. वैशाखात गाडीवर पातळ फडकं टाकून बाळाला सावली करायची सवय घरोघरी आहे, आणि तिच्यात धोका आहे. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली दाखवलं की कोरड्या मलमलीनं झाकलेल्या बाबागाडीत उष्णता बाहेरच्यापेक्षा अडीच अंशांहून जास्त वाढते. तीच मलमल ओली करून सोबत छोटा पंखा लावला तर साडेचार अंशांहून जास्त उतरते. ओल्या कापडाचा हा परिणाम पाण्याची वाफ होण्यावर अवलंबून असतो, त्यामुळे विदर्भाच्या कोरड्या उन्हात तो चांगला साधेल, मुंबईच्या दमट हवेत कमी. मोठं, लांबवर येणारं छत आणि त्याला वारा जायची जाळी ही खरी सोय. दुपारी बाहेर न काढणं ही त्याहून खरी.

उन्हाइतकाच धुराचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. गाडीत बसलेल्या मुलाचं नाक रस्त्यापासून अर्ध्या ते पाऊण मीटरवर, म्हणजे बऱ्याच वाहनांच्या धुराड्यांच्या जवळपास असतं. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाचे प्रशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली मांडलं की अशा मुलांना मोठ्यांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषित हवा घ्यावी लागू शकते. सिग्नलला गाडी पुढे काढून उभी करू नका, थोडी मागे, फूटपाथच्या आतल्या बाजूला ठेवा. बैठक जितकी उंच तितकं या बाबतीत बरं, पण तोल सांभाळायला ती खाली हवी. दोन्ही एकदम मिळत नाहीत, म्हणून मी तोल निवडेन आणि गर्दीचा रस्ता टाळेन.

टायर हवेचे की भरीव, यावरून दुकानात बराच गोंधळ असतो. हवेचा टायर खड्ड्याचा हिसका स्वतः पचवतो, त्यामुळे पळण्यासाठी आणि कच्च्या रस्त्यासाठी तोच. पठारावरच्या गावांत बाभळीचा काटा लागला की पंक्चर ठरलेलं, पण मुलांच्या सायकलची बारा इंची ट्यूब पुष्कळ गाड्यांना बसते, ती घरात एक ठेवावी. व्हॉल्व्ह बहुतेक वेळा स्कूटरसारखा असतो, साध्या सायकलसारखा नसतो. पंपावर हवा भरायची असेल तर टायरच्या बाजूला छापलेला आकडा आधी वाचा. एवढी लहान ट्यूब मोठ्या कॉम्प्रेसरनं क्षणात फुटते. ज्यांना ही उठाठेव नको त्यांनी भरीव टायर घ्यावेत, चाल थोडी कडक होईल एवढंच.

मग घर. तीनचाकी दहा ते चौदा किलोची, साठ सेंटिमीटरहून रुंद, आणि मिटवली तरी मोठी. जुन्या इमारतीच्या जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये ती जाईल का, हे आधी टेपनं मोजा. सीएनजीची गाडी असेल तर डिकीत टाकी असते, उरलेल्या जागेत ही बसणार नाही. चाकं काढून बसेल असं विक्रेता म्हणेल. रडतं मूल कडेवर आणि मागे हॉर्न वाजतोय, अशा वेळी चाकं काढून बघा. लोकलनं जाणाऱ्यांनी, तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टचं राहणाऱ्यांनी ही गाडी घेऊच नये; सहा किलोची हलकी गाडी आणि एक चांगली झोळी त्यांना जास्त उपयोगी पडेल. मरीन ड्राइव्हजवळ, मोठ्या बागेजवळ, गावाबाहेरच्या प्लॉटवर, कोकण-गोव्यात समुद्राकाठी राहणाऱ्यांना मात्र हिचा खरा आनंद मिळतो. खाऱ्या वाऱ्यात स्क्रू आणि स्पोक गंजतात, तेवढं पुसत राहावं.

परदेशातल्या भावाकडून, मैत्रिणीकडून आलेली वापरलेली गाडी पुष्कळ घरांत असते, आणि ती घ्यायला हरकत नाही, फक्त पुन्हा पुढच्या चाकापाशी या. अनेक गाड्यांत हे चाक झटपट काढायच्या खटक्यावर बसतं, आणि खटका नीट आवळलेला नसेल तर ते चालत्या गाडीतून सुटतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं २०१८ साली ‘बॉब’ गाड्यांच्या अशाच खटक्यावरून कंपनीविरुद्ध दावा लावला होता. सुमारे दोनशे तक्रारी होत्या, मुलं आणि मोठी माणसं जखमी झाली होती. तडजोड झाली, तिच्यात सप्टेंबर २०१५ अखेरपर्यंत बनलेल्या गाड्या होत्या. म्हणून चौकटीवरच्या पट्टीवर मॉडेलचा क्रमांक आणि बनवल्याची तारीख शोधा. चाक बसवा, खटका लावा, गाडीचा पुढचा भाग उचला आणि चाक खाली जोरात ओढून बघा. जरा हललं तरी सायकलवाल्याकडे नेऊन अॅक्सल बदलून घ्या. दुसरी पिढी वापरत असेल तर पट्टे, बकलं आणि ट्यूबही नव्या टाका. सगळं मिळून नव्या गाडीच्या मानानं फार थोडे पैसे लागतात.