पऱ्हाटीचे झाड, कापसाचा बर्फ

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की वऱ्हाडातली थंडी अंगाला झोंबू लागते. शेतात कापसाची वेचणी चालू असते, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात आणि बाजारात अंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागतात. याच दिवसांत अकोल्याच्या दुकानांच्या दारावर प्लास्टिकची हिरवी झाडे, चकचकीत चेंडू आणि लाल टोप्या लटकू लागतात. झाडावर अंथरायला बर्फही पाकिटातून मिळतो. हा बर्फ म्हणजे कृत्रिम धाग्याचा पिंजलेला पुंजका! ज्या जिल्ह्याची ओळखच पांढरे सोने, तिथे बर्फासाठी नकली कापूस विकत घ्यायचा, याला काय म्हणावे?

नाताळची सजावट महाग असते, ती बाहेरूनच आणावी लागते, असा एक समज आपल्याकडे रुजला आहे. मुले शाळेतून 'स्टार हवा, ट्री हवा' असा हट्ट घेऊन येतात आणि आई-बाबा खिशाकडे पाहतात. पण थोडे अवतीभवती पाहिले तर लागणारे जवळजवळ सगळे सामान आपल्या शेतात, स्वयंपाकघरात आणि माळ्यावरच्या जुन्या पेटीत आहे. हवे आहेत ते दोन-तीन सुटीचे दिवस आणि घरातले चार-सहा हात.

वऱ्हाडातला नाताळ

नाताळ हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला आणि मराठीत असा मुरला की तो परका वाटत नाही. वऱ्हाडातही हा सण कालपरवाचा नव्हे. 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' हे अमेरिकन मिशन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अकोल्यात स्थिरावले. त्याच मिशनमधल्या जेनी फुलर यांनी इथल्या स्त्रियांच्या हालअपेष्टांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १९०० साली प्रसिद्ध झाले आणि त्याला प्रस्तावना होती पंडिता रमाबाईंची. कॅथॉलिक पंथीयांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला, अकोला त्यातच येतो. म्हणजे इथली मराठी ख्रिस्ती घरे कित्येक पिढ्या हा सण साजरा करीत आली आहेत. त्यांच्या ताटात केकच्या शेजारी करंजी, शंकरपाळे आणि चकली असतेच. दारातला तारा आणि दिवाळीचा आकाशकंदील एकाच कामट्यांतून जन्मतात.

उलट, ज्याला आपण नाताळचे मूळ रूप समजतो ते सूचिपर्णी झाड मूळचे जर्मनीतले. इंग्लंडमध्ये ते घरोघर गेले ते १८४८ साली राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स आल्बर्ट यांच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र छापून आल्यानंतर. जर्मनांनी त्यांच्या रानात जे होते ते घरात आणले. मग आपण आपल्या रानातले आणले तर काय बिघडले?

पऱ्हाटीचे झाड

वेचणी संपत आलेल्या ओळीतली, चांगल्या फांद्या फुटलेली तीन-चार फूट उंचीची एक पऱ्हाटी निवडा. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारूनच घ्या. उभ्या पिकातले झाड तोडू नका. झाडावर थोडा कापूस शिल्लक असेल तर त्याचे पैसे द्या, कारण वेचणीची मजुरी किलोवर मोजली जाते आणि मूठभर कापसामागेही कुणाची तरी वाकलेली पाठ असते. मुलांना हे सांगण्यासारखी दुसरी वेळ नाही.

घरात आणण्यापूर्वी एक काम मात्र टाळू नका. न उमललेली, किडकी, कवडी झालेली बोंडे सगळी तोडून नष्ट करा. गुलाबी बोंडअळी अशाच बोंडांत दडून बसते. २०१७च्या हंगामात तिने विदर्भात केवढे नुकसान केले ते शेतकरी विसरलेले नाहीत. फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नका, असे कृषितज्ज्ञ सांगतात ते याचसाठी. पाने झाडून काढा आणि झाड दोन दिवस कडक उन्हात ठेवा.

मग जुना तेलाचा डबा किंवा मातीची कुंडी घ्या. त्यात वाळू आणि खडे भरून पऱ्हाटी ठोकून बसवा. डब्याभोवती गोणपाट गुंडाळून सुतळी बांधा. फांद्यांना पातळ चुन्याचा हात दिला की काळपट झाड एकदम उजळते. चुन्याचे काम मोठ्यांनीच करावे, डोळ्यांत उडाला तर त्रास होतो. उमललेल्या बोंडांच्या वाळक्या पाकळ्या तशाच राहू द्या. त्यांत सरकी काढलेल्या कापसाचे छोटे बोळे बसवले की झाले. हा बर्फ वितळत नाही आणि पाकिटातून आणावाही लागत नाही.

एक इशारा. कापूस ठिणगीला क्षणात पेट घेतो. या झाडावर मेणबत्ती, पणती किंवा तापणारे बल्ब अजिबात लावू नका. झाडावरचे पहिले विजेचे दिवे १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी लावले. त्यापूर्वी झाडावर मेणबत्त्याच जळत, आणि त्यांनी आगीही लागत. आपल्याला ती हौस नको. लावायचीच तर चांगल्या प्रतीची एलईडी माळ झाडामागच्या भिंतीवर लावा.

लग्नपत्रिकांचे गोळे

प्रत्येक मराठी घरात लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा असतो. टाकवत नाही आणि ठेवूनही उपयोग नाही! गणपतीचे चित्र असलेला भाग आदराने वेगळा काढा आणि उरलेल्या जाड, सोनेरी वर्तुळे काढा. एका गोळ्याला पाच सेंटीमीटर व्यासाची २० वर्तुळे लागतात.

वर्तुळ काढताना कर्काटकाचे अंतर न बदलता परिघावर सहा खुणा करा. एक सोडून एक खूण जोडली की आत समभुज त्रिकोण तयार होतो. त्याच्या तिन्ही बाजूंवर घडी घालून कडा बाहेर उभ्या करा. आता पाच वर्तुळांच्या कडा एकमेकींना चिकटवून टोपी करा. तशीच दुसरी टोपी करा. उरलेल्या दहांचा, एक त्रिकोण सुलटा एक उलटा असा पट्टा करून त्याचे कडे जोडा. वर एक टोपी, खाली एक टोपी. मोठ्या संत्र्याएवढा गोळा तयार! वरची टोपी चिकटवण्यापूर्वी टोकातून दोरा ओवायला विसरू नका. सातवी-आठवीतल्या मुलाला हे काम द्या. कंपासपेटीशी त्याचे वैर असले तर ते इथे मिटेल.

धाकट्यांसाठी कणकेचे तारे. दोन वाट्या कणीक, एक वाटी बारीक मीठ आणि लागेल तसे पाणी घालून घट्ट गोळा मळा. जाडसर पोळी लाटून झाकणांनी, वाट्यांनी, सुरीने आकार कापा. काडीने भोक पाडा आणि गच्चीवर तीन-चार दिवस उलटसुलट करून वाळवा. अकोल्याचे ऊन या कामाला भट्टीपेक्षा बरे. वाळल्यावर जलरंग द्या. खाऊ समजून कुणी तोंडात घालणार नाही याकडे लक्ष असू द्या. पावसाळ्यात हे तारे ओल धरतात, म्हणून नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

थर्मोकोलच्या पाट्या आणि चांदण्या मात्र आता सजावटीतून बादच समजा. महाराष्ट्राने २०१८ साली आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली आहे. कायदा राहू द्या, पण नाल्यात अडकलेले ते पांढरे तुकडे पुढच्या पावसाळ्यात आपल्याच अंगणात पाणी आणतात.

दारातला तारा

नाताळची खरी खूण म्हणजे दारातला तारा. तिकडे दूर फिलिपिन्समध्ये बांबू आणि पातळ कागदाचा जो तारा करतात, तो आपल्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ शोभावा. कृतीही सोपी आहे.

बुरडाकडून वीस इंच लांबीच्या दहा सारख्या कामट्या आणा. हात न उचलता कागदावर चांदणी काढतो तशी पाच कामट्यांची एक चांदणी मांडा आणि टोके दोऱ्याने घट्ट बांधा. अशीच दुसरी करा. दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून पाचही टोके एकत्र बांधा. आता आत, जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी, दोन चांदण्यांच्या मध्ये चार-चार इंचांचे तुकडे उभे अडकवून बांधा. सपाट चांदणी फुगून उभी राहते, आणि तो क्षण पाहताना मुलांचे डोळे चमकतात.

गव्हाच्या पिठाची खळ करून पतंगाचा रंगीत कागद ताणून चिकटवा. पाठीमागचा एक त्रिकोण मोकळा ठेवा आणि त्यातून पाच वॅटचा एलईडी बल्ब सोडा. वायरचा जोड उघडा राहू देऊ नका. खाली झिरमिळ्या हव्यात, त्याशिवाय तो आपला वाटत नाही.

गव्हाणीतला बैल

येशूचा जन्म गव्हाणीत झाला, म्हणून ख्रिस्ती घरांत, विशेषतः कॅथॉलिक घरांत, गोठ्याचा देखावा मांडतात. इटलीतील ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खरी गव्हाणी आणि खरा बैल व गाढव आणून हा प्रसंग लोकांपुढे मांडला. तेव्हापासून या प्रथेने जोर धरला. गंमत म्हणजे शुभवर्तमानांतील जन्मकथेत बैलाचा आणि गाढवाचा उल्लेखच नाही. ते लोकांच्या भक्तीने पुढे आत आणून बांधले!

बैल म्हटल्यावर विदर्भाला काय कमी? तान्ह्या पोळ्याला मुले मिरवतात ते लाकडी बैल माळ्यावरून खाली काढा. फुटके मडके आडवे ठेवले की गुहा होते. ज्वारीच्या धांड्यांचे तुकडे सुतळीने बांधून आडोसा करा, खाली कुटार पसरा. मरिया, योसेफ, मेंढपाळ मातीचे किंवा चिंध्यांचे करा. मरियेला आजीच्या जुन्या लुगड्याचा काठ नेसवला तर ती आपल्या शेजारची वाटेल. बाळाची जागा मात्र रिकामी ठेवतात आणि २४च्या रात्रीच बाळ ठेवतात. मुलांना थांबायला शिकवणारी ही रीत मोठी शहाणी आहे.

पाहुणे येती घरा

नाताळच्या दिवशी दार दिवसभर उघडे असते. पाहुण्यांसाठी कुलकुल आधीच करून ठेवता येतात. दोन वाट्या मैद्यात दोन चमचे कडकडीत तुपाचे मोहन, पाव वाटी पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घालून नारळाच्या किंवा साध्या दुधात घट्ट भिजवा. सुपारीएवढी गोळी नव्या कोऱ्या कंगव्यावर अंगठ्याने दाबून पसरवा आणि गुंडाळी करा. शंखासारखी रेघांची कळी होते. मंद आचेवर तळा. हे काम एकटीने करण्याचे नाही. चार जणी बसल्या की गप्पांत डबा भरतो.

संध्याकाळी टेबलावर संत्र्याचे दिवे ठेवा. संत्र्याच्या मध्यावर फक्त सालीला गोल चीर द्या आणि साल अलगद सोडवून दोन वाट्या करा. एका वाटीत मधली पांढरी शीर उभी राहिली पाहिजे, तीच वात. सरकीचे किंवा तिळाचे तेल घाला, शीर तेलात भिजू द्या आणि मग पेटवा. हा दिवा ताटलीत, टेबलाच्या मधोमध, पडद्यापासून आणि कापसाच्या झाडापासून लांब ठेवा. साल तापली की खोलीभर जो वास दरवळतो, त्यापुढे बाजारातली सुगंधी मेणबत्ती फिकी पडते.

आणि शेजारी विसरू नका. दिवाळीत आपल्या घरून ताट गेले असेल, तर नाताळचे ताट तिकडून येईल. ज्यांच्याकडे नाताळ नाही, त्यांनीही कणकेचा एक तारा आणि चार संत्री घेऊन शेजारच्या ख्रिस्ती घरी शुभेच्छा द्यायला जायला हरकत नाही. मुले परगावी गेलेल्या घरांत आज सणाच्या दिवशीही दोनच म्हातारी माणसे समोरासमोर बसलेली दिसतात. दारातला तारा त्यांना उजेड देतो, पण बेल वाजवणारे कुणीतरी लागतेच. एवढ्या कागद-कामट्यांच्या खटाटोपाचा खरा उपयोग तोच. हाताने केलेली वस्तू द्यायला जावे लागते, आणि गेले की बसावे लागते, बोलावे लागते.

सहा जानेवारीला, मागी राजांच्या सणाला, सजावट उतरवण्याची अनेक घरांत रीत आहे. कापूस काढून वातींसाठी ठेवा. गोळे आणि तारे डब्यात भरा. लाकडी बैल पुन्हा माळ्यावर जातील. पऱ्हाटी मात्र घरात किंवा गच्चीवर साठवू नका. अळीच्या भीतीने ती लगेच मोडून जाळलेली किंवा खतात घातलेली बरी. दारातल्या ताऱ्याचा कागद तेवढा फाडा आणि सांगाडा जपून ठेवा. येत्या दिवाळीत नवा कागद लावला की तोच आकाशकंदील होईल.