खासबागेतली हॉट हॅच : ऐकीव गोष्टी आणि खऱ्या अडचणी

बेळगावच्या माणसाला गाडीतलं कळत नाही असं कुणी म्हणू नये. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीनशॉपमधून वाहनउद्योगाला लागणारे सुटे भाग बाहेर जातात, आणि खासबाग, वडगाव, शहापूर या मागवाल्यांच्या वस्त्यांतली कितीतरी पोरं तिथे कामाला आहेत. धातू, तेल, घर्षण हे शब्द इथे शिकवावे लागत नाहीत. तरीही कुणी टर्बो इंजिनाची छोटी दमदार गाडी रोजच्या वापराला घ्यायची म्हटली, की कट्ट्यावर ठरलेली वाक्यं सुरू होतात. ती वाक्यं ऐकून चांगली गाडी टाळणारेही भेटतात आणि चुकीची गाडी घेणारेही. म्हणून एकदा नीट मांडलेलं बरं.

पहिला घोळ ओळखीचाच आहे. काळं छत, लाल पट्टे आणि मागे पंख लावला की हॉट हॅच झाली, असं अनेकांना वाटतं. हॉट हॅच म्हणजे साध्या हॅचबॅकच्याच सांगाड्यात कंपनीने बसवलेलं जास्त ताकदीचं इंजिन आणि त्याला पेलतील असे ब्रेक, टायर, सस्पेन्शन. १९७६ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय विकायला काढली तेव्हा फक्त ५ हजार गाड्या बनवायचा बेत होता. ११० अश्वशक्तीच्या त्या गाडीत घरचं सामान बसत होतं आणि ती ऑफिसलाही नेता येत होती. बेत मागे पडला आणि लाखोंनी गाड्या विकल्या गेल्या. म्हणजे रोजचा वापर हा या प्रकाराचा जन्मापासूनचा हेतू आहे. आपल्याकडे पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली, रांजणगावला बनलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये, ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन २०२१ मध्ये आणि टाटा अल्ट्रोझ रेसर २०२४ मध्ये. शेवटच्या दोन्हींची ताकद १२० अश्वशक्ती. युरोपच्या मापाने त्या कोमटच म्हणायच्या, पण आपल्या रस्त्यांवर कोमटपणा हा गुणच ठरतो.

"तळ घासतो, आपल्या गल्लीत चालायची नाही." हे सगळ्यात जास्त ऐकू येतं, आणि यात अर्धं खरं आहे. अल्ट्रोझ रेसरचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर आहे, म्हणजे नेहमीच्या हॅचबॅकइतकाच. एकटा माणूस बसला असेल तर ती खासबागेतल्या बहुतेक गतिरोधकांवरून निवांत जाते. पाच जण आणि डिक्कीत सामान भरलं की मागची बाजू बसते, आणि त्यातच गल्लीतल्या लोकांनी स्वतः सिमेंट ओतून केलेला टोकदार उंचवटा आला तर कुठलीही हॅचबॅक घासते. तिथे इंजिनाच्या ताकदीचा संबंध नाही. अशा उंचवट्यावर गाडी किंचित तिरकी घेऊन एकेक चाक चढवलं की बहुतेक वेळा निभावतं.

खरी अडचण तळाची नसून टायरची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. टायरच्या बाजूची रबरी भिंत किती उंच आहे यावर खड्ड्यातला धक्का कोण खाणार हे ठरतं. साध्या स्विफ्टच्या १६५/८० आर १४ टायरची भिंत साधारण १३२ मिलिमीटर भरते. एन लाइनच्या १९५/५५ आर १६ टायरची १०७. आणि २०२५ मध्ये भारतात आलेल्या गोल्फ जीटीआयच्या १८ इंची चाकावर ती भिंत ९० मिलिमीटरच्या आसपास उरते. जूनपासून पाऊस लागला की जुन्या पी. बी. रोडच्या कडेचे खड्डे पाण्याने भरतात, वरून खोली दिसत नाही, आणि पातळ भिंतीचा टायर कडेवर आपटला की टायरला फुगा येतो किंवा अलॉयला बाक येतो. जांबोटीमार्गे चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्यांना हे सांगायला नको. म्हणून माझं मत सरळ आहे : १६ इंची चाकापर्यंतची हॉट हॅच खासबागेत रोज वापरता येते, १८ इंची चाकाची येत नाही. हवा कंपनीने दारावर लिहून दिली आहे तेवढीच ठेवायची. कमी हवेने गाडी मऊ चालते असं समजणाऱ्यांचेच टायर आधी फुटतात.

"टर्बो आहे, अ‍ॅव्हरेज विसरा." टर्बो हे पेट्रोल पिणारं यंत्र नाही. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो. हवा जितकी आत जाईल त्या प्रमाणात पेट्रोल टाकलं जातं, आणि किती हवा मागायची हे तुमचा उजवा पाय ठरवतो. निपाणीकडे निघाल्यावर ताशी ८० ऐवजी १०० ने चालवलं, की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. हा नियम मारुतीलाही लागू आहे आणि गोल्फलाही. फरक इतकाच, की दमदार गाडीत १०० चा वेग कधी झाला ते कळत नाही.

अ‍ॅव्हरेजमधला दुसरा मुद्दा इथेनॉलचा. ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज सुमारे ६ ते ७ टक्के घटेल, हा अंदाज खुद्द नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात आहे. तेव्हा सेकंडहँड पोलो किंवा अबार्थ घेणाऱ्याने रबरी नळ्या आणि सील तपासून घ्यावेत. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाडीचे भाग ई-२० साठी तयार केलेले असतात. आणि शंभर ऑक्टेनचं महाग पेट्रोल टाकल्याशिवाय अशी गाडी पळत नाही, हाही समज सोडावा. झाकणावर कंपनीने जे लिहिलंय तेच तिचं खाद्य.

"एक लिटरचं इंजिन घाटात काय चढणार?" इथे मात्र वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंचीवर आहे, आणि इतक्या उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानाने ७ टक्क्यांच्या आसपास विरळ असते. साध्या इंजिनाचा दम तेवढाच कमी होतो. टर्बो ती तूट भरून काढतो. एन लाइनचा १७२ न्यूटन मीटर टॉर्क १५०० आरपीएमपासूनच मिळतो, त्यामुळे तवंदी घाटात भरल्या गाडीलाही तिसऱ्या गिअरवरून धापा टाकाव्या लागत नाहीत.

त्रास होतो तो घाटात नाही, बाजारात. रविवारी खासबागेचा बाजार भरतो तेव्हा गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हजार-बाराशे आरपीएमवर सरकत असते. त्या टप्प्यात टर्बो झोपलेला असतो. समोर मोकळं दिसलं म्हणून जरा जोर दिला, की क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम उसळते. समोर भाजीची पाटी घेतलेली मावशी असेल तर ती उसळी महागात पडते. उपाय साधा आहे : गर्दीत एक गिअर खालचा ठेवायचा आणि पाय हळू दाबायचा. नव्याने अशी गाडी घेणाऱ्याने आधी हेच शिकायला हवं.

"डीएसजी म्हणजे बिघडणारच." दोन क्लचच्या या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची भीती हवेतून आलेली नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगनला चीनमध्ये या गिअरबॉक्सपायी ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. पण सगळ्या पोलो जीटी एका माळेत ओवणं चूक आहे. २०१३ च्या गाडीत कोरड्या क्लचची सात गिअरची डीएसजी होती. २०२० पासूनच्या एक लिटर जीटीमध्ये सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरचा नेहमीचा ऑटोमॅटिक आहे. कोरडा क्लच तापतो तो गाडी इंचाइंचाने सरकवत नेल्याने. म्हणून गर्दीत समोर गाडीभर जागा होऊ द्यावी, मग पुढे घ्यावी आणि पुन्हा ब्रेक पूर्ण दाबावा. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी तोलून धरणं तर कटाक्षाने टाळावं. सेकंडहँड घेताना मात्र सर्व्हिस रेकॉर्ड पाहिल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नका.

"बंद करण्याआधी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं." टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि तेलावर तरंगतो, त्यामुळे जुन्या काळी गरम टर्बोत तेल जळून कोळसा व्हायचं. आताच्या टर्बोला बहुधा पाण्यानेही थंड करतात. घाट चढून आल्यावर शेवटचा किलोमीटर सावकाश चालवला तरी पुरतं. काळजी घ्यायची ती सकाळी : तेल गरम होईपर्यंत, म्हणजे पहिली काही मिनिटं, गाडी दामटू नका. आणि तेल बदलायची तारीख पुढे ढकलू नका.

पोरांसाठी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचा रीमॅप हा "आपला शौक" नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं आहे. कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५ हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात दावा नाकारायला कारण मिळतं, ते वेगळंच.

सीमाभागातला खास गैरसमज पासिंगचा आहे. कोल्हापुरात एमएच-०९ ची गाडी स्वस्त मिळते म्हणून घ्यायची आणि इथे वर्षानुवर्षं तशीच फिरवायची, असं बरेच जण करतात. कलम ४७ प्रमाणे गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात राहिली, की नव्याने नोंदणी करावीच लागते : बेळगावला केए-२२, निपाणीकडे केए-२३. त्यासाठी मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, इथला आजीवन कर भरावा लागतो आणि तिकडच्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. हे सगळं धरून हिशेब मांडला, की कोल्हापूरची स्वस्ताई बहुतेक वेळा उरत नाही.

डिक्कीबद्दल फार बोलायला नको. अल्ट्रोझची ३४५ लिटरची, आय-ट्वेंटीची ३११ लिटरची. साड्यांचे गठ्ठे, दवाखान्याच्या पिशव्या, पोरांची दप्तरं, सगळं मावतं. मागच्या सीटवर आई-वडिलांना मात्र सस्पेन्शन थोडं कडक लागेल, आणि हे शोरूममधला माणूस तुम्हाला सांगणार नाही.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह हायवेच्या सर्व्हिस रोडवर घेऊ नका. घरच्या चार माणसांना बसवा, गाडी तुमच्या गल्लीतल्या गतिरोधकांवरून न्या, रविवारच्या बाजारातून एक फेरी मारा आणि उतरल्यावर मागे बसलेल्यांना विचारा. त्यांनी होकार दिला, तरच बुकिंगचे पैसे भरा.