मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका

"अजून पिकला नाही. पिकला की काढू." म्हाताऱ्या माणसांच्या मोतीबिंदूविषयी हे वाक्य खेड्यापाड्यांत आजही ऐकू येते. याला आम्ही अडाणीपणा म्हणणार नाही. एके काळी डॉक्टरच तसे सांगत. तेव्हा डोळ्यातले भिंग आवरणासकट काढून टाकत आणि जाड काचांचा चष्मा देत. थोडेफार दिसत असताना हे कोण करून घेणार? आता आत कृत्रिम भिंग बसवतात. थांबण्याचे कारण गेले, सवय तेवढी राहिली.

या सवयीने डोळा कसा जातो ते पाहा. डोळ्यात एक पाणी सतत तयार होते आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निघून जाते. मोतीबिंदू वाढता वाढता कधी भिंग फुगते, बुबुळाच्या पडद्याला पुढे ढकलते आणि पाण्याची वाट बुजते. कधी भिंग इतके जून होते की आतला गर विरघळून पाझरतो व जाळीत अडकतो. दोन्हीकडे परिणाम एकच. पाणी तुंबते, दाब चढतो. निरोगी डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ असतो. येथे तो दुपटीच्याही पुढे जाऊ शकतो. मग डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस मरू लागते. हाच काचबिंदू. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते, मेलेली नस येत नाही.

खरी फसगत लक्षणांत आहे. डोळा लाल होतो, ठणकतो, अर्धे डोके फुटते, उलट्या होतात. घरचे म्हणतात, पित्त उसळले. कुणी डोळ्यात मध घालते, कुणी दुकानातून थेंब आणते. त्यात सुगीचे दिवस असले तर म्हातारीला तालुक्याला न्यायला कुणाला सवड? मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातील डॉक्टरांनी अशा रुग्णांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. दुखणे सुरू होऊन पाच दिवसांहून अधिक काळ लोटला होता, त्यांची नजर वाईट राहण्याचा धोका जास्त आढळला. म्हणजे येथे हिशेब महिन्यांचा नाही, दिवसांचा आहे. वेळेत पोहोचले तर गोळ्या व सलाईनने दाब उतरवून मग भिंग काढतात.

आणखी एक गोष्ट आमच्या भगिनींनी ध्यानात घ्यावी. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली की आजी म्हणतात, "माझं भागतंय एका डोळ्यावर." दुसरा डोळा तसाच पिकत राहतो आणि कुणाला कळतही नाही. आज संध्याकाळीच त्यांचा एकेक डोळा झाकून बोटे मोजायला सांगा. बुबुळाच्या मधोमध काळ्याऐवजी पांढरे दिसत असेल तर दुखण्याची वाट पाहू नका. सरकारी जिल्हा रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. पहिल्या डोळ्याची पट्टी सुटेल त्याच दिवशी दुसऱ्याची तारीख मागून घ्यावी.