एकही नॉर्म नसताना ग्रँडमास्टर

बुद्धिबळात ग्रँडमास्टर होण्याची नेहमीची वाट लांबची आहे. फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, रेटिंग एकदा तरी २५०० वर न्यायचं आणि मिळून किमान २७ डाव भरतील असे, साधारणपणे तीन नॉर्म मिळवायचे. एकेका नॉर्मसाठी तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्यांसमोर २६०० च्या दर्जाचा खेळ लागतो. त्यासाठी कित्येक जण वर्षानुवर्षं परदेशी स्पर्धांच्या वाऱ्या करतात, अनेकदा घरच्या पैशांवर, आणि अर्ध्या गुणाने नॉर्म हुकून परततात.

नागपूरच्या दिव्या देशमुखकडे जुलै २०२५ पर्यंत यातला एकही नॉर्म नव्हता. जॉर्जियातल्या बातुमीत, महिला विश्वचषकात तिला मानांकन होतं १५वं. तिने झू जिनर, द्रोणवल्ली हरिका आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना हरवलं. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी, म्हणजे दिव्याच्या जन्माच्याही तीन वर्षं आधी, २००२ मध्ये ग्रँडमास्टर झालेली खेळाडू! क्लासिकल प्रकारातले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद टायब्रेकमध्ये दिव्या १.५-०.५ अशी जिंकली आणि विश्वचषकाबरोबर नियमानुसार ग्रँडमास्टर किताबही थेट मिळाला. ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर. महिलांमध्ये हम्पी, हरिका आणि वैशालीनंतर चौथी.

याला नशीब म्हणणं अन्यायाचं ठरेल. २०२४ मध्येच ती मुलींच्या गटात जागतिक ज्युनियर विजेती होती आणि बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये तिने सांघिक सुवर्णासोबत तिसऱ्या पटावरचं वैयक्तिक सुवर्णही मिळवलं होतं. बातुमीतल्या यशाने जगज्जेतीची आव्हानवीर ठरवणाऱ्या २०२६ च्या महिला कँडिडेट्स स्पर्धेतली तिची जागाही पक्की केली.