कर्जरोख्यांची कायदेशीर कसोटी

मिरजेहून कोल्हापुरास जाणारा लोहमार्ग कोल्हापूर संस्थानानें बांधविला व तो १८९१ सालीं सुरू झाला. हातकणंगल्याच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहतांना, असला मार्ग बांधावयास केवढा पैका लागला असेल, हा विचार आमच्या विद्यार्थिमित्रांच्या मनांत सहसा येत नाहीं. एखाद्या शहरानें रेल्वे आणावयाचें मनांत आणलें, तर त्यास बहुधा कर्जच काढावें लागेल.

अमेरिकेंत मिसिसिपी नदीच्या कांठीं असलेल्या डुब्यूक शहरानें गेल्याच्या मागील शतकांत तेंच केलें. रेल्वेसाठीं त्यानें कर्जरोखे काढले. ते लोकांनीं विश्वासानें घेतले. पुढें व्याज थकलें, आणि धनको न्यायालयांत गेले तेव्हां शहराचें उत्तर असें कीं, हें कर्ज काढण्याचा आम्हांस अधिकारच नव्हता! आयोवा राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें पूर्वीं असे रोखे कायदेशीर ठरविले होते, पण मग आपलेंच मत फिरविलें. अखेर १८६४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, पहिल्या निर्णयावर विसंबून घेतलेल्या रोख्यांचा हक्क मागाहून बदललेल्या मतानें बुडत नाहीं.

असा तंटा उद्भवण्यापूर्वींच मिटवितां आला तर? आपल्याकडे जमीन घेण्यापूर्वीं सावध मनुष्य वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देतो, कीं कोणाचा हक्क वा बोजा असल्यास अमुक मुदतींत कळवावें. फ्लॉरिडा राज्यांत शहरें हेंच न्यायालयामार्फत करूं शकतात. रोखे विकण्यापूर्वीं शहर दावा लावतें, आणि प्रतिवादी कोण? खुद्द राज्य, आणि त्या शहराचे सारे करदाते, मालमत्ताधारक व नागरिक! नोटीस वर्तमानपत्रांत छापतात. ज्यास हरकत असेल त्यानें सुनावणीस यावें. कर्ज काढण्याचा अधिकार आहे काय, हेतु कायदेशीर आहे काय, रीतसर सारें झालें काय, इतकेंच न्यायाधीश पाहतात. कर्ज काढणें शहाणपणाचें कीं नाहीं, हें ते ठरवीत नाहींत. तें मतदारांचें काम. मुदतींत अपील न झाल्यास निकाल कायमचा. कॅलिफोर्नियांत तर साठ दिवसांत कोणीच दावा लावला नाहीं, तर या कायद्याखालीं येणारें कर्ज आपोआप पक्कें होतें.

धनकोस यामुळें धीर येतो व व्याजाचा दर उतरण्यास मदत होते, हें खरें. परंतु इचलकरंजीस यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यानें बारीक अक्षरांतली नोटीस केव्हां वाचावी? कर तर त्यालाही भरावयाचाच असतो. आमच्या मतें या पद्धतीचें खरें वैगुण्य तेथेंच आहे.

पुणें महानगरपालिकेनें २०१७ सालीं चोवीस तास पाणी देण्याच्या योजनेसाठीं शेंकडा ७.५९ व्याजाचे २०० कोटींचे रोखे काढले. त्यासाठीं असा दावा लागला नाहीं. आपल्या कायद्यांत सभेचा ठराव, राज्य सरकारची मंजुरी आणि सेबीचे नियम हीच चाळणी आहे. एवढ्यावरही कोणास हरकत घ्यावयाची असेल, तर त्यानें स्वतःच उच्च न्यायालय गांठावें. हातकणंगल्याच्या माणसास त्यासाठीं पूर्वीं मुंबईची वाट धरावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून त्या न्यायालयाचें सर्किट बेंच कोल्हापुरांतच बसूं लागलें आहे.