भंगारातली कोंबडी

हे गेल्यावर फॅब्रिकेशनचं दुकान विकायचं ठरलं. भंगारवाला काटा घेऊन आला. पण यांच्या हातच्या झिजलेल्या पाने-पकडी पोत्यात टाकायला माझा हात धजेना. म्हटलं, या लोखंडाचंच काहीतरी करू. काय? कोंबडी!

यांचा जुना कारागीर गुरू झाला. नायलॉनची साडी बदलून जाड सुती कपडे, चामड्याचे हातमोजे, काळ्या काचेचं हेल्मेट. नुसत्या डोळ्यांनी वेल्डिंग पाहिलं, की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. आधी गंज घासला. चकचकीत जी.आय. पाईप उचलला, तर तो ओरडला, "वहिनी, तो नको! जस्ताच्या धुराने ताप भरतो."

पहिला रॉड चिकटूनच बसला. दुसराही. तिसरा काडेपेटीच्या काडीसारखा ओढला, अन् पेटला! वरचं काळं कवच हातोडीने ठोकून काढलं, तर खाली जोड चकाकत होता.

पान्यांचे पाय, बेअरिंगच्या छऱ्यांचे डोळे, सायकलच्या चेनची शेपटी. कोंबडी जरा तिरकीच उभी राहिली. शेजारणी हसल्या, मीही हसले. कितीतरी महिन्यांनी.

मैत्रिणींनो, दुकान अजून विकलेलं नाही. दुपारी चारला शटर मीच उघडते.