न घडलेल्या गोष्टींचा हिशेब

सेवाभावी आरोग्यसंस्थेत नोकरी धरणाऱ्या माणसाच्या त्यागाचे आपला समाज एक तर तोंडभरून कौतुक करतो, नाही तर शहरातला चालता दवाखाना सोडून हा आडरानात कशाला गेला, असे त्याच्या माघारी विचारतो. आणि या दोन्ही वेळी एक गोष्ट नजरेतून निसटते, ती ही की, त्याच्या दिवसाचा पुष्कळसा भाग रुग्णाच्या उशाशी नव्हे, तर शिकवण्यात आणि नोंदी ठेवण्यात जातो.

गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेचे उदाहरण घ्यावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने 1986 च्या सुमारास तेथे काम आरंभिले, तेव्हा न्यूमोनिया हे बालमृत्यूचे एक मोठे कारण होते आणि डॉक्टर गावापासून कोसभर नव्हे, कैक कोस दूर होता. निदान गावातल्या सुईणीनेच करावे, तर अक्षरओळख नसलेल्या त्या बाईला मुलाचे श्वास पन्नास-साठपर्यंत अचूक मोजणे दुष्कर. तेव्हा एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि ओळीने ओवलेले मणी असे साधन सिद्ध झाले: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचा. पदवीधर वैद्याला जे ज्ञान केवळ स्वतःचे वाटते, ते दुसऱ्याच्या हाताला पेलेल असे घडवून देणे आणि मग त्या हातावर विश्वास टाकून बाजूला होणे, हे येथल्या नोकरीचे पहिले कर्तव्य होय.

दुसरे कर्तव्य अधिक कठोर आहे. पुढे नवजात अर्भकांसाठी 39 गावांत आरोग्यदूत स्त्रिया नेमल्या गेल्या. त्या ठरल्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जात, बाळाला झोळीच्या काट्यावर तोलत, ताप पाहत आणि सारा तपशील लिहून ठेवत. तुलनेसाठी घेतलेल्या 47 गावांतही जन्ममृत्यूची नोंद तितक्याच काटेकोरपणे होई. कारण उघड आहे: वाचलेले मूल ‘मी वाचलो’ असे सांगत येत नाही, टळलेला मृत्यू केवळ तुलनेच्या आकड्यांतच दिसतो. म्हणून बाळ दगावले त्या घरच्या अंगणात बसून, ताप कधी चढला, अंगावर पिणे कधी सुटले, हे त्याच्या आईला हलक्या आवाजात, पण नेमकेपणाने विचारावे लागते. आणि सांत्वनाच्या भरात एकही प्रश्न गाळून चालत नाही. या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेने 62 टक्क्यांनी घटले, हा निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तो अशाच नोंदींच्या बळावर.

याखेरीज कचेरीचा कारभार असतोच. धर्मादाय आयुक्तांकडे वार्षिक हिशेब रुजू करणे, देणगीदाराची मुदत सांभाळणे, ही कामे रुग्णसेवेइतकीच अपरिहार्य. त्यात 2020 च्या कायदादुरुस्तीने परदेशी निधीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, तेव्हापासून असा निधी घेणाऱ्या संस्थांतील हिशेबनिसाची ओढाताण वाढली. देणगीदाराला औषधाचा खर्च पटतो. नोंदी पडताळणाऱ्याचा पगार पटवून देणे जड जाते.

आणि फळ पदरी पडते तेही परक्याच्या नावाने. घरी जाऊन नवजाताची काळजी घेण्याची पद्धत 2011 मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली. आज आशा एखाद्या बाळंतिणीच्या दारी काटा घेऊन येते, तेव्हा ती रीत मुळात कोणी बसवली हे त्या घराला ठाऊक नसते आणि असण्याचे कारणही नाही. आपण शिकवलेले काम आपल्यावाचून चालू लागणे हीच अशा संस्थेतील बढती मानावी लागते. ती आपल्याला मानवेल काय, एवढे नोकरीचा अर्ज भरण्यापूर्वीच इच्छुकाने स्वतःला विचारून घ्यावे.